बट नंबर आणि बॉडी नंबर

माझी बहुतेक नोकरी जिल्हा पोलीस मुख्यालयाच्या शस्त्रागारात गेली. आधी आर्मरर, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारा, म्हणून, आणि शेवटची काही वर्षं कोताचा, म्हणजे याच शस्त्रागाराचा, प्रभारी म्हणून. आता निवृत्त आहे. बदली होऊन कोतात आलेली मुलं अधूनमधून घरी येतात आणि विचारतात, "काका, चार्ज घेताना नेमकं काय बघायचं?" त्यांना तोंडी सांगतो तेच इथे लिहून काढलं आहे. मात्र हे फक्त पोलिसांनी वाचावं असं नाही. कोतातली प्रत्येक रायफल लोकांच्या पैशातून आलेली असते.

साध्या नागरिकाला एक पिस्तूल ठेवायचं असेल तर अर्ज, पोलिसांचा चौकशी अहवाल, जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी, ठरावीक मुदतीनंतर नूतनीकरण असं सगळं पार पाडावं लागतं. काडतुसं किती बाळगायची तेही परवान्यावर लिहिलेलं असतं. शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतात. निवडणूक आली की अनेकांना ती पोलीस ठाण्यात जमा करून पावती घ्यावी लागते. हे सगळं योग्यच आहे. पण नागरिकाला एका हत्यारासाठी इतके प्रश्न विचारणाऱ्या सरकारने स्वतःच्या हजारो हत्यारांबद्दल तेवढीच उत्तरं, तीही उघडपणे, द्यायला हवीत, असं माझं ठाम मत आहे.

१. नगावर जाऊ नका, नंबर वाचा

मोजणीचे दोन प्रकार असतात. पहिल्या प्रकारात रॅकसमोर उभं राहून नळ्या मोजल्या जातात, वहीत आकडा जुळला की सही होते. दुसऱ्या प्रकारात एकेक हत्यार साखळीतून काढून हातात घेतात, त्यावरचा नंबर मोठ्याने वाचतात आणि दुसरा माणूस वहीतल्या त्या नंबरावर खूण करतो. पहिल्याला दहा मिनिटं लागतात, दुसऱ्यात अख्खी सकाळ जाते. खरी मोजणी दुसरीच.

पॉइंट थ्री-नॉट-थ्री रायफल घ्या. तिच्या लाकडी दस्त्यावर पांढऱ्या रंगाने मोठा आकडा घातलेला असतो, तो बट नंबर. देताना-घेताना तो सोयीचा, लांबूनही दिसतो. रायफलीची खरी ओळख मात्र लोखंडावर ठोकलेला बॉडी नंबर. दस्ता तडकला की आर्मरर दुसरा बसवतो, रंग उडाला की कोणीतरी आकडा पुन्हा काढतो. म्हणजे बट नंबर माणसाच्या हातून फिरू शकतो. बॉडी नंबर तसा फिरत नाही. बोल्टवरही नंबर असतो आणि तो बॉडीशी जुळावा लागतो. एकीचा बोल्ट दुसरीला बसला तर काडतूस खोबणीत नीट बसेलच याचा भरवसा उरत नाही, आणि चेहऱ्यापाशी रायफल धरलेल्या जवानाला त्याची किंमत मोजावी लागू शकते. त्यामुळे बॉडी वाचायची, बोल्ट वाचायचा, आणि मगच बट बघायचा.

आमचे हवालदार मेजर नवीन पोराला एकच गोष्ट बजावायचे : "नंबर तोंडपाठ म्हणू नकोस रे, वाच. पाठ केलेला नंबर कधी चुकत नाही, म्हणून तर भीती वाटते." रोज तीच हत्यारं हाताळली की आकडे खरोखरच तोंडात बसतात, आणि डोळे न लावताच "बरोबर" असं तोंडून निघून जातं.

२. वही चुकली तर हत्यार गेल्यासारखंच आहे

केरळचं प्रकरण प्रत्येक कोतवाल्याला माहीत असायला हवं. फेब्रुवारी २०२० मध्ये कॅगचा अहवाल तिथल्या विधानसभेत मांडला गेला. तिरुवनंतपुरमच्या विशेष सशस्त्र पोलीस बटालियनमध्ये २५ इन्सास रायफली आणि १२,०६१ जिवंत काडतुसं हिशेबात लागत नाहीत, असं त्यात नमूद होतं. देशभर बातमी गाजली. काही दिवसांतच क्राइम ब्रँचने प्रत्यक्ष मोजणी केली. एकूण ६६० रायफलींपैकी ६४७ समोर मांडून दाखवल्या गेल्या आणि उरलेल्या १३ मणिपूरला गेलेल्या तुकडीकडे असल्याचं सांगितलं गेलं. थोडक्यात, रायफली होत्या, असं पोलिसांनी दाखवून दिलं.

हे ऐकून अनेकांनी सुटकेचा श्वास सोडला. मला सुटका वाटली नाही. लेखापरीक्षक दारात आले त्या दिवशी ज्या बटालियनला आपल्या रायफली कुठे आहेत हे वहीतून सांगता आलं नाही, तिची एखादी रायफल खरोखर गेली असती तरी तिला ते कळलं नसतं. रायफल दुसऱ्या कॅम्पला जाते, तुकडीबरोबर दुसऱ्या राज्यात जाते, दुरुस्तीला जाते. या प्रत्येक वेळी दोन वह्यांत नोंद पडायला हवी, देणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या. बहुतेकदा देणाऱ्याची नोंद पडते आणि घेणाऱ्याची "उद्या करू" म्हणून राहून जाते. वर्षं उलटतात, दोघांच्याही बदल्या होतात, आणि मग ती रायफल कोणत्याच वहीत सापडत नाही.

काडतुसांचं प्रकरण याहून वाईट होतं. नऊ एमएमच्या २५० काडतुसांची तूट भरून काढायला नकली काडतुसं ठेवल्याचं कॅगने म्हटलं होतं, आणि पुढे तपासात अटकही झाली. तूट लपवायला कोणी नकली माल ठेवतो, याचा अर्थ मोजायला येणारा फक्त नग मोजणार, हातात घेऊन बघणार नाही, याची त्याला आधीच खात्री असते.

३. पेनाने लिहा, खाडाखोड झाकू नका

चुकीची नोंद झाली तर तिच्यावर एकच आडवी रेघ, शेजारी बरोबर आकडा, सही आणि तारीख. व्हाइटनर लावायचा नाही, पान फाडायचं नाही. यापुढे सांगण्यासारखं काही नाही.

४. रायफल एका कुलपात, राउंड दुसऱ्या कुलपात

नवीन मुलांना हा नियम डोकेदुखी वाटतो. बंदोबस्ताची घाई असते, गाड्या सुरू होऊन उभ्या असतात, आणि दोन खोल्या, दोन किल्ल्या, दोन वह्या. पण या नियमाचा उपयोग इतिहासात लिहिलेला आहे.

१८ एप्रिल १९३० च्या रात्री क्रांतिकारक सूर्य सेन आणि त्यांच्या साथीदारांनी चितगावात पोलिसांचं शस्त्रागार आणि ऑक्झिलरी फोर्सचं शस्त्रागार ताब्यात घेतलं. त्या तरुणांचं धाडस आणि त्याग यांपुढे मी आजही नतमस्तक आहे. पण कोतात आयुष्य काढलेल्या माणसाची नजर त्यातल्या एका तपशिलावर अडते. ऑक्झिलरी फोर्सच्या शस्त्रागारात रायफली मिळाल्या, लुईस गनही मिळाल्या, पण त्यांची काडतुसं सापडली नाहीत. ती वेगळी ठेवलेली होती. चार दिवसांनी जलालाबादच्या टेकडीवर सरकारी फौजेशी सामना झाला तेव्हा त्यांना पोलिसांच्या मस्केटींवरच लढावं लागलं. वेगळ्या कुलपाने काय फरक पडतो, हे ब्रिटिशांना त्या रात्री दिसलं.

पण नुसत्या कुलपाने भागत नाही, पहाराही सावध लागतो. १५ फेब्रुवारी २००८ ला ओडिशातल्या नयागडमध्ये माओवाद्यांनी पोलिसांच्या शस्त्रागारावर हल्ला करून हजाराहून जास्त हत्यारं नेली आणि डझनभराहून अधिक पोलीस मारले गेले. जो जिल्हा शांत समजला जातो, तिथला पहारा सैल पडतो. कोताच्या पहाऱ्यावर कोणाला नेमायचं हे ठरवताना आजारी, वयस्कर, पाठदुखीवाला अशी निवड होते, कारण ती "बसून करायची ड्यूटी" मानतात. मी यावर अनेकदा भांडलो आहे. मुख्यालयातला सगळ्यात सावध माणूस कोताच्या दारावर उभा असला पाहिजे.

५. हुद्दा वाढतो तशी मोजणी सैल पडते

शिपायाची रायफल ड्यूटी संपली की परत येते. रोज जाते, रोज येते, रोज सही होते. तिच्याकडे लक्ष राहतंच. ज्याला पिस्तूल कायमचं दिलेलं असतं, त्याचं हत्यार महिनोन्महिने कोताचं तोंड बघत नाही. ते घरी, गाडीत, प्रवासात त्याच्यासोबत असतं. वार्षिक तपासणीच्या वेळी "साहेबांचं पिस्तूल साहेबांकडेच आहे" एवढ्या वाक्यावर रकाना भरला जातो. साहेबांकडे जाऊन ते दाखवा म्हणायची हिंमत कोताच्या हवालदाराला व्हावी, अशी व्यवस्था वरिष्ठांनीच करायला हवी. माझ्या नोकरीत एक अधिकारी असे भेटले की ते दर महिन्याला स्वतः कोतात येत, पिस्तूल खाली करून टेबलावर ठेवत आणि म्हणत, "हवालदार, नंबर वाचा." त्यांच्या काळात बाकीचेही आपसूक येऊ लागले.

अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्कोतली घटना मी शिकाऊ पोरांना मुद्दाम सांगतो. जून २०१५ च्या अखेरीस तिथल्या केंद्र सरकारच्या जमीन व्यवस्थापन विभागातल्या एका रेंजरच्या खाजगी गाडीतून त्याचं पिस्तूल चोरीला गेलं. चारच दिवसांनी, १ जुलैला, शहरातल्या पिअर १४ वर वडिलांबरोबर फिरत असलेली केट स्टाइनल ही ३२ वर्षांची तरुणी त्याच पिस्तुलाच्या गोळीने गेली. गोळी झाडणाऱ्यावर खटला चालला, त्यावरून मोठं राजकारण झालं. पिस्तूल गाडीत ठेवण्याच्या प्रश्नावर मात्र फारसं कोणी बोललं नाही. पोलिसांनीही उभ्या गाडीत हत्यार ठेवताना ते डिकीत किंवा कुलूपबंद पेटीत ठेवलं पाहिजे, असा कायदा कॅलिफोर्नियाने २०१६ मध्ये केला, म्हणजे घटनेनंतर. कुटुंबाने सरकारवर केलेला दावा पुढे फेटाळला गेला. चोरी आणि मृत्यू यांच्यामधला संबंध फार दूरचा आहे, असं न्यायालयाचं मत पडलं. कायद्याच्या नजरेत असेल दूरचा. कोतातल्या माणसाने तो दूरचा मानू नये.

६. हरवलेल्याचा आकडा छापला की हरवणं कमी होतं

हे मी स्वतः पाहिलेलं नाही, कारण आपल्याकडे असा आकडा नेमाने छापलाच जात नाही. अमेरिकेत छापला जातो. तिथल्या न्याय खात्याच्या महानिरीक्षकांनी २००२ मध्ये एफबीआयची तपासणी केली. २८ महिन्यांच्या काळात ३५४ हत्यारं आणि ३१७ लॅपटॉप हरवले किंवा चोरीला गेले होते. जगभर दबदबा असलेल्या यंत्रणेचा हा हिशेब, आणि तो तिच्याच सरकारने चव्हाट्यावर मांडला. २००७ मध्ये पुन्हा तपासणी झाली. या वेळी ४४ महिन्यांत १६० हत्यारं आणि १६० लॅपटॉप. म्हणजे महिन्याला बारा-तेरा हत्यारं जात होती, ती तीन-चारावर आली. पुढच्या वर्षी दारू-तंबाखू-बंदुका खात्याचीही पाळी आली : ५९ महिन्यांत ७६ हत्यारं आणि ४१८ लॅपटॉप.

एफबीआयच्या दुसऱ्या अहवालातला एक तपशील मला हत्यारांपेक्षाही गंभीर वाटतो. हरवलेल्यांपैकी दहा लॅपटॉपमध्ये संवेदनशील किंवा गुप्त माहिती होती, आणि आणखी ५१ लॅपटॉपमध्ये काय होतं हे यंत्रणेला सांगताच आलं नाही. आजच्या कोतवाल्याला ही गोष्ट समजून घ्यावी लागेल. आमच्या वेळी संवेदनशील सामान म्हणजे हत्यार, राउंड, अश्रुधुराची नळकांडी आणि वायरलेस सेट. आता टॅबलेट, ड्रोन, कॅमेरे, हार्ड डिस्कही त्यात आलं. अशा वस्तूचा नंबर नोंदवला की काम संपत नाही. तिच्यात काय आहे आणि ती गेली तर कोणाला धोका पोहोचेल, हेही वस्तू देण्याच्या दिवशीच नोंदवून ठेवायला हवं.

७. कोणाच्या हातात देतोय ते बघा

३१ जुलै २०२३ च्या पहाटे जयपूर-मुंबई एक्सप्रेसमध्ये रेल्वे सुरक्षा दलाच्या एका शिपायाने आपल्याच पथकाच्या सहायक उपनिरीक्षकाला आणि तीन प्रवाशांना सरकारी रायफलीने गोळ्या घातल्याचा आरोप आहे. पालघरच्या पट्ट्यात हे घडलं. सहकाऱ्याच्या फिर्यादीनुसार त्या शिपायाने आधी बरं वाटत नसल्याचं सांगून वलसाडला उतरू देण्याची मागणी केली होती, आणि ड्यूटी पूर्ण कर, असं त्याला सांगण्यात आलं होतं. न्यायालय काय ते ठरवेल. पण त्या प्रवाशांच्या घरच्यांकडे पाहिलं की मला दुसरं काही सुचत नाही.

कोताच्या खिडकीतून रायफल बाहेर देणारा हवालदार माणूस रोज बघत असतो. कोणाचे डोळे तांबारलेत, कोणाचा हात थरथरतोय, कोण सही करताना तारीख चुकतोय, हे त्याच्याइतकं कोणाला दिसत नाही. त्याने "याला आज हत्यार नको" असं म्हटलं तर ते ऐकलं जायला हवं, आणि ज्याला नाकारलं त्याची त्यात बदनामी होता कामा नये. त्याला काठीची ड्यूटी द्या, रजा द्या, डॉक्टरकडे पाठवा. आज मनुष्यबळ कमी म्हणून हे होत नाही. सणासुदीच्या बंदोबस्तात सलग जागलेल्या पोरांच्या हातात भरलेलं हत्यार देण्याची वेळ आली की माझ्या पोटात गोळा यायचा.

८. ठाण्यातला मुद्देमाल म्हणजे बिनपहाऱ्याचं दुसरं कोत

गुन्ह्यात पकडलेले गावठी कट्टे, तलवारी, चोरीची काडतुसं वर्षानुवर्षं पोलीस ठाण्याच्या मुद्देमाल खोलीत पडून राहतात. सुतळीने बांधलेलं लेबल उंदीर-वाळवीने खाल्लं की तो कट्टा कोणत्या गुन्ह्यातला हे कोणालाच सांगता येत नाही. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात स्पष्ट सांगितलं, की मुद्देमाल ठाण्यात गरजेपेक्षा जास्त ठेवू नका, पंधरा दिवस ते महिनाभर पुरे, पंचनामा-फोटो करून त्याची व्यवस्था लावा. हा निकाल कोणत्या प्रकरणात आला ते बघण्यासारखं आहे. गुजरातमधल्या ठाण्यातल्या पोलिसांवरच मुद्देमाल बदलल्याचा आणि परस्पर लाटल्याचा आरोप होता. निकालाला दोन दशकं उलटली. आपल्या जवळच्या ठाण्याच्या मागच्या बाजूला जाऊन गंजलेल्या गाड्यांची रांग बघा, मग आतल्या खोलीची कल्पना येईल.

९. दार फुटलं तर त्याचाही हिशेब द्यावाच लागतो

मणिपूरमध्ये मे २०२३ पासून पोलिसांची कोतं लुटली गेली. ३ ऑगस्टला बिष्णुपूर जिल्ह्यातल्या नारानसैना इथल्या इंडिया रिझर्व्ह बटालियनच्या मुख्यालयातून हत्यारांबरोबर सुमारे १९ हजार राउंड गेले. एकूण सहा हजारांच्या आसपास हत्यारं लुटली गेल्याचं सांगितलं जातं. फेब्रुवारी २०२५ मध्ये राज्यपालांनी हत्यारं परत करण्याचं आवाहन केलं, मुदत वाढवली, आणि हजाराच्या पुढे हत्यारं परत आली. जी परत मिळाली नाहीत ती आजही कोणाच्या तरी घरात, जंगलात, खंदकात आहेत. त्यांतल्या प्रत्येकावर बॉडी नंबर आहे. ती नंबरवार यादी जाहीर करायला काय हरकत आहे, हे मला कळत नाही. लुटणाऱ्याला आपल्याकडे काय आहे हे माहीतच आहे. माहिती नाही ती फक्त त्या गावातल्या माणसाला, ज्याच्या दारावर उद्या तीच रायफल येऊ शकते.

१०. "सुरक्षेचा प्रश्न आहे" हे उत्तर पुरेसं मानू नका

शेवटचा मुद्दा वर्दीबाहेरच्यांसाठी आहे.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री एटीएसचे प्रमुख हेमंत करकरे यांनी सीएसटीवर बुलेटप्रूफ जाकीट अंगात घातलं, ते दृश्य सगळ्या महाराष्ट्राने टीव्हीवर पाहिलं. ते शहीद झाले. त्यांचं जाकीट मात्र सापडेना. ते कोणत्या दर्जाचं होतं, कुठे गेलं, हे विचारायला त्यांच्या पत्नी कविता करकरे यांना माहिती अधिकाराचा अर्ज करावा लागला, आणि जाकीट गहाळ असल्याचं उत्तर मिळालं. इस्पितळात ते कचऱ्यात टाकलं गेल्याचं पुढे वर्तमानपत्रांत आलं. शहीद अधिकाऱ्याच्या अंगावरची वस्तू हा पुरावा असतो, त्याच्या घरच्यांचा तिच्यावर हक्क असतो, आणि जाकीट टिकाऊ होतं की नाही हे कळणं पुढच्या प्रत्येक जवानाच्या जिवाशी जोडलेलं असतं. ज्या बाईने आपला नवरा या राज्यासाठी गमावला, तिला एका जाकिटासाठी अर्ज लिहायला लावणं हे मला आजही सहन होत नाही.

माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८ मध्ये देशाची सुरक्षा आणि कोणाच्या जिवाला धोका अशी कारणं माहिती नाकारायला दिलेली आहेत, आणि ती असायलाही हवीत. कोत कुठे आहे, पहारा कधी बदलतो, किल्ली कोणाकडे असते हे कोणी विचारू नये, विचारलं तर सांगूही नये. पण गेल्या वर्षात जिल्ह्यातून किती हत्यारं, किती राउंड, किती वायरलेस सेट आणि किती लॅपटॉप गहाळ झाले, त्यांतले किती सापडले, आणि किती प्रकरणांत जबाबदारी निश्चित झाली, या आकड्यांनी कोणत्याही कोताचं कुलूप उघडत नाही. हा तक्ता राज्याच्या गृहखात्याने दरवर्षी विधिमंडळासमोर ठेवावा. तपासणीला बाहेरचा लेखापरीक्षक यावा, आणि त्याने प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षकांच्या पिस्तुलापासून सुरुवात करावी.